पाषाण-लोह अशनींचे वर्गीकरण : आटाकामा वाळवंटातील ‘वाका मुएर्ता’ अशनीच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

अवकाशातून पृथ्वीवर येऊन पडणाऱ्या घन पदार्थास अशनी म्हणतात. पदवी स्तरावरील बहुतेक पाठ्यपुस्तकांत अशनींचे पाषाण अशनी, लोह अशनी आणि पाषाण-लोह अशनी असे तीन प्रकार सांगितलेले असतात. पडताना पाहिल्या गेलेल्या अशनींचा विचार केल्यास पाषाण अशनींचे प्रमाण सुमारे ९४ ते ९५ टक्के, लोह अशनींचे सुमारे ५ टक्के, तर पाषाण-लोह अशनींचे जेमतेम एक टक्का भरते. या अल्प प्रमाणामुळेच तिसऱ्या प्रकाराची बोळवण एकदोन वाक्यांत केली जाते.

प्रस्तुत लेखकही काही वर्षे वर्गात हेच करीत असे. फळ्यावर तीन समकेंद्री वर्तुळे काढावयाची, आतील वर्तुळास गाभा, मधल्यास प्रावरण आणि बाहेरील वर्तुळास कवच असे नाव द्यावयाचे, आणि ‘गाभा व प्रावरण यांच्या सीमेवरील तुकडे म्हणजे पाषाण-लोह अशनी’ असे सांगून पुढील घटकाकडे वळावयाचे. एका तासाला द्वितीय वर्षाच्या विद्यार्थिनीने विचारले, “सर, पुस्तकातल्या चित्राखाली यात बेसाल्ट आहे असे लिहिले आहे. बेसाल्ट तर कवचात असतो. मग तो गाभ्याच्या सीमेवर कसा पोहोचला?” प्रश्न अगदी रास्त होता आणि त्याचे समाधानकारक उत्तर लेखकापाशी त्या वेळी नव्हते. हा लेख म्हणजे त्या उत्तराच्या शोधाची मांडणी होय. त्यासाठी चिली देशातील आटाकामा वाळवंटात सापडलेल्या ‘वाका मुएर्ता’ या अशनीचे उदाहरण घेतले आहे. वाळवंटात मिळालेला एक जड, काळपट दगड ‘अशनी’ म्हणून आणि पुढे ‘मेसोसिडेराइट, गट ए१’ म्हणून कसा ओळखला जातो, आणि या ओळखीतून काय निष्पन्न होते, हे स्पष्ट करणे हा लेखाचा हेतू आहे.

वर्गीकरणाची ऐतिहासिक पार्श्वभूमी

पाषाण-लोह अशनींचा इतिहास हा एका अर्थी अशनीशास्त्राचाच इतिहास आहे. सायबेरियात क्रास्नोयार्स्कजवळ १७४९ मध्ये सुमारे ७०० किलोग्रॅम वजनाचा एक पिंड आढळला. निसर्गशास्त्रज्ञ पीटर सायमन पालास यांनी तो १७७२ मध्ये पाहिला व त्याचे वर्णन केले. स्पंजासारख्या लोखंडाच्या जाळीत पिवळसर हिरव्या ऑलिव्हिनचे स्फटिक बसलेले, अशी त्याची रचना होती. एर्न्स्ट क्लाड्नी यांनी १७९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हा पिंड पृथ्वीबाह्य असल्याचे प्रतिपादन केले. आकाशातून दगड पडतात हे म्हणणे त्या काळी विद्वानांना मान्य नव्हते, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

पुढे १८६३-६४ च्या सुमारास बर्लिनमध्ये गुस्ताव रोझे यांनी तेथील संग्रहातील अशनींची खनिजांच्या आधारे विभागणी केली. पालास यांच्या नावावरून ‘पॅलासाइट’ आणि ग्रीक भाषेतील ‘मध्य’ व ‘लोह’ या अर्थाच्या शब्दांवरून ‘मेसोसिडेराइट’ ही नावे त्यांनीच रूढ केली. लंडनमध्ये स्टोरी-मॅस्केलिन यांनी त्याच सुमारास पाषाण, लोह आणि पाषाण-लोह ही त्रिविध विभागणी मांडली. दोन्ही विभागण्या डोळ्यांना जे दिसते त्यावर आधारलेल्या होत्या. धातू किती, खडक किती, आणि ते एकमेकांत कसे मिसळले आहेत, एवढेच त्या पाहत. पदार्थ कोठून आला या प्रश्नाचे उत्तर देण्याची साधने त्या काळी उपलब्ध नव्हती.

वाका मुएर्ता : शोध आणि संभ्रम

‘वाका मुएर्ता’ या स्पॅनिश शब्दांचा अर्थ ‘मेलेली गाय’ असा होतो. अशनीला तो ज्या ठिकाणी सापडला तेथील भौगोलिक नाव देण्याचा प्रघात असल्याने उत्तर चिलीतील ताल्ताल परिसरातील या अशनीस हे नाव मिळाले. त्याची नोंद १८६१ पासून आढळते. तो काळ खाणशोधकांचा होता. चान्यार्सियो येथे १८३२ मध्ये चांदीचा मोठा साठा सापडल्यापासून वाळवंटात चांदीच्या शोधार्थ भटकणाऱ्यांची कमतरता नव्हती. त्यांना हे जड दगड दिसले. फोडल्यावर आत चकाकणारा पांढरा धातू दिसला आणि तो चांदी आहे अशी त्यांची समजूत झाली. चांदी मिळविण्याच्या आशेने त्यांनी दगड फोडले. प्रत्यक्षात तो धातू निकेलयुक्त लोह होता.

संभ्रम एवढ्यावर थांबला नाही. निरनिराळ्या वेळी निरनिराळ्या व्यक्तींनी उचललेले तुकडे युरोप-अमेरिकेतील संग्रहालयांत पोहोचले, आणि सिएरा दे चाको, ल्यानो देल इंका, दोन्या इनेस अशा वेगवेगळ्या नावांनी नोंदले गेले. एकाच अशनीचे तुकडे स्वतंत्र अशनी मानले गेले. होल्गर पेडरसन व त्यांचे सहकारी यांनी या अशनीच्या विखुरणक्षेत्राचा अभ्यास १९९२ मध्ये प्रसिद्ध केला. आज ही सर्व नावे ‘वाका मुएर्ता’ याच नावाची पर्यायी नावे मानली जातात आणि ज्ञात तुकड्यांचे एकूण वजन ३.८३ टन इतके नोंदलेले आहे. कोणता तुकडा कोणाचा हे ठरविण्यास रूप पुरेसे नसते, ही या इतिहासातील पहिली शिकवण होय.

असे पदार्थ वाळवंटातच अधिक का सापडतात, याचे उत्तर सोपे आहे. अशनी सर्वत्र सारख्याच प्रमाणात पडतात; परंतु पावसाळी प्रदेशात त्यांतील लोखंड गंजते आणि दगड मातीत मिसळून जातो. आटाकामा हा जगातील अतिशुष्क प्रदेशांपैकी एक आहे. तेथील फिकट भूपृष्ठावर काळा दगड उठून दिसतो आणि दीर्घकाळ टिकतो. आटाकामातील एल मेदानो क्षेत्रातील पाषाण अशनींच्या २०१९ मधील अभ्यासात त्यांचे पृथ्वीवरील वास्तव्य सरासरी सुमारे ७ लाख वर्षांचे असल्याचे आढळले. कोकणात पडलेल्या अशनीस इतके आयुष्य लाभणे शक्य नाही.

वर्गीकरणाच्या पायऱ्या

(१) दगड अशनी आहे काय? भूशास्त्र विभागात दरवर्षी कोणी ना कोणी ‘आकाशातून पडलेला’ दगड घेऊन येते. बहुतेक वेळा ती भट्टीतील धातुमळी, मॅग्नेटाइट किंवा हेमॅटाइट असते. प्राथमिक परीक्षेत चार गोष्टी पाहाव्यात. चुंबक आकर्षिला जातो काय? वातावरणातून येताना पृष्ठभाग वितळून तयार झालेले पातळ काळे कवच आहे काय? कापलेल्या भागावर धातूचे कण दिसतात काय? आणि त्या धातूत निकेल आहे काय? यांपैकी शेवटची कसोटी निर्णायक ठरते. अशनीतील लोखंडात निकेल सामान्यतः ५ टक्क्यांहून अधिक असते. भट्टीतील मळीत ते नसते आणि मळीत वायूचे बुडबुडे मात्र विपुल दिसतात. केवळ चुंबक चिकटला म्हणून दगडास अशनी म्हणणे योग्य नव्हे.

(२) पाषाण की पाषाण-लोह? येथे घनतेचा उपयोग होतो. निकेलयुक्त लोहाची घनता सुमारे ७.९ आणि सिलिकेट खनिजांची सुमारे ३.३ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर धरली, आणि वजनाने दोहोंचा वाटा निम्मा-निम्मा मानला, तर मिश्रणाची घनता सुमारे ४.७ येते. सामान्य पाषाण अशनींची घनता ३.३ ते ३.६ च्या दरम्यान असते. म्हणजे तराजू आणि पाण्याचे भांडे एवढ्या साधनांनीही पाषाण-लोह गटाची शक्यता वर्तविता येते. महाविद्यालयीन प्रयोगशाळेत हा प्रयोग सहज करता येण्याजोगा आहे.

(३) पॅलासाइट की मेसोसिडेराइट? दगड कापून, घासून, चकचकीत करून त्याची वीण पाहिली जाते. पॅलासाइटमध्ये धातूच्या सलग जाळीत ऑलिव्हिनचे स्फटिक असतात. सिलिकेट म्हणून जवळजवळ तेच एक खनिज आढळते. मेसोसिडेराइटमध्ये चित्र वेगळे दिसते. त्यात पायरॉक्सिन आणि प्लॅजिओक्लेज यांचे प्राबल्य असते, ऑलिव्हिन अल्प असते, धातू बारीक कणांच्या आणि क्वचित मोठ्या गोळ्यांच्या रूपाने विखुरलेला असतो, आणि एकंदर वीण तुकड्यातुकड्यांची, म्हणजे संकोणाश्माची असते. वाका मुएर्तामध्ये बेसाल्ट व गॅब्रो यांचे गोटे स्पष्ट ओळखू येतात. तो मेसोसिडेराइट होय. याच आटाकामात १८२२ मध्ये सापडलेला इमिलाक हा अशनी मात्र पॅलासाइट आहे. एकाच वाळवंटातील हे दोन अशनी शेजारी ठेवले असता पाषाण-लोह या एकाच नावाखाली किती भिन्न पदार्थ एकत्र बांधले गेले आहेत, हे लगेच ध्यानात येते.

(४) उपगट कोणता? मेसोसिडेराइटची उपविभागणी दोन निकषांवर होते. पहिला निकष खनिजांच्या प्रमाणाचा. प्लॅजिओक्लेज व कॅल्शियमयुक्त पायरॉक्सिन अधिक, म्हणजे संघटन बेसाल्टाकडे झुकणारे असल्यास गट ए. ऑर्थोपायरॉक्सिन अधिक असल्यास गट बी. आणि सिलिकेट भाग जवळजवळ ऑर्थोपायरॉक्सिनचाच असल्यास गट सी. ही अक्षरांची पद्धत १९८० च्या दशकात रॉजर हेविन्स यांच्या कार्यातून रूढ झाली. दुसरा निकष विणीचा. पॉवेल यांच्या १९७१ मधील अभ्यासाने त्याचा पाया घातला. तुकड्यांमधील आधारद्रव्य बारीक असून त्यात फारसा बदल झालेला नसेल तर अंक १. उष्णतेने पुनःस्फटिकीकरण वाढत गेल्यास २ व ३. आणि आधारद्रव्य आघाताने वितळून पुन्हा गोठले असल्यास ४. यासाठी पातळ छेद ध्रुवक सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो आणि खनिजांचे संघटन इलेक्ट्रॉन सूक्ष्मशोधकाने मोजावे लागते. वाका मुएर्ता ए१ गटात मोडतो. म्हणजे संघटन बेसाल्टी आणि आधारद्रव्य सर्वांत कमी बदललेले. म्हणूनच मूळ खडकांचे तुकडे त्यात इतके स्वच्छ दिसतात, आणि अभ्यासकांना तो मोलाचा वाटतो.

(५) नाते कोणाशी? आतापर्यंतच्या पायऱ्यांतून रूप कळते, कूळ कळत नाही. त्यासाठी ऑक्सिजनच्या १६, १७ आणि १८ या तीन समस्थानिकांची प्रमाणे मोजली जातात. एखाद्या ग्रहकायेवर वितळणे, गोठणे, बाष्पीभवन अशा प्रक्रिया घडल्या की ही प्रमाणे बदलतात. परंतु वस्तुमानाच्या नियमानुसार एका ठराविक रेषेवरच बदलतात. भिन्न कायांच्या रेषा सामान्यतः भिन्न असतात. पृथ्वीच्या रेषेपासून मेसोसिडेराइटचे विचलन दर हजारी सुमारे उणे ०.२४ इतके भरते, तर मुख्य गटातील पॅलासाइटचे सुमारे उणे ०.१८. हा फरक इतका सूक्ष्म आहे की पूर्वीच्या मापनांत तो दिसत नसे आणि दोन्ही गट एकाच कायेचे असावेत असे मानण्यास जागा होती. ग्रीनवुड व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अधिक काटेकोर मापने प्रसिद्ध केली आणि दोहोंची कुळे वेगळी असल्याचे दाखविले. त्याच मापनांत मेसोसिडेराइटची रेषा हॉवर्डाइट, युक्राइट आणि डायोजेनाइट या पाषाण अशनींच्या, म्हणजेच एचईडी गटाच्या रेषेशी तंतोतंत जुळली.

म्हणजे ‘पाषाण-लोह’ या एका घरात राहणाऱ्या दोघांचे परस्परांशी रक्ताचे नाते नाही. त्यांपैकी एकाचे सख्खे नातेवाईक पाषाण अशनींच्या घरात आहेत. या नात्याची भारतीय उदाहरणेही उपलब्ध आहेत. राजस्थानात १९९४ मध्ये पडलेला लोहावट हा हॉवर्डाइट आणि १९९६ मध्ये पडलेला पिपलिया कलान हा युक्राइट आहे. पिपलिया कलानच्या अभ्यासातून ॲल्युमिनियम-२६ या अल्पायुषी किरणोत्सारी समस्थानिकाच्या पूर्वास्तित्वाचा पुरावा अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये मांडला. लघुग्रह लवकर वितळले कसे, याचे उत्तर त्यातून मिळते.

मूळ काया आणि अनुत्तरित प्रश्न

आता विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे वळता येईल. मेसोसिडेराइटमधील सिलिकेट भाग कवचाचा आहे आणि धातू गाभ्यासारखा आहे. कायेच्या रचनेत हे दोन्ही थर परस्परांपासून सर्वाधिक दूर असतात. त्यांच्यामध्ये असणारे ऑलिव्हिनयुक्त प्रावरण मात्र या अशनींत अत्यल्प आहे. नारळ फुटल्यावर करवंटी आणि पाणी एकत्र मिळावे आणि खोबरे मात्र नसावे, तसा हा प्रकार आहे. त्यामुळे गाभा व प्रावरण यांच्या सीमेचे स्पष्टीकरण मेसोसिडेराइटला लागूच पडत नाही.

याचे स्पष्टीकरण दोन लघुग्रहांच्या टकरीतून दिले जाते. एका मतानुसार अन्य कायेचा वितळलेला गाभा बेसाल्टी पृष्ठावर मंद वेगाने येऊन आदळला. दुसऱ्या मतानुसार एक मोठी काया टकरीत फुटली आणि तिचेच तुकडे पुन्हा एकत्र आले. धातू मिसळला तेव्हा तो द्रवरूप होता, याविषयी बरेचसे एकमत आहे. मिश्रणानंतर हा पदार्थ खोल गाडला गेला असावा. कारण त्यातील धातू ५०० अंश सेल्सिअसखाली दहा लाख वर्षांत एक अंशाहूनही कमी वेगाने निवत गेल्याचे निकेलच्या वितरणावरून दिसते. इतके मंद निवणे अशनींमध्ये क्वचितच आढळते.

एचईडी अशनी वेस्टा या लघुग्रहावरून आल्याचे मत १९७० मधील वर्णपटीय निरीक्षणांपासून बळावत गेले. डॉन या अवकाशयानाने २०११-१२ मध्ये वेस्टाची परिक्रमा करून त्यास पुष्टी दिली. हाबा व सहकाऱ्यांनी मेसोसिडेराइटमधील झिरकॉन स्फटिकांचे वयमापन करून २०१९ मध्ये असे मांडले की वेस्टाचे कवच सुमारे ४५५.८५ कोटी वर्षांपूर्वी तयार झाले आणि सुमारे ४५२.५ कोटी वर्षांपूर्वी झालेल्या टकरीत धातू व खडक मिसळले. तथापि डॉनने मोजलेले वेस्टाच्या पृष्ठावरील लोहाचे प्रमाण एचईडी अशनींशी जुळते. मेसोसिडेराइटइतके ते नाही. त्यामुळे हा प्रश्न मिटला असे म्हणता येत नाही.

पॅलासाइटविषयीही पाठ्यपुस्तकी स्पष्टीकरण डळमळीत झाले आहे. इमिलाक आणि एस्केल या पॅलासाइटमधील ऑलिव्हिनच्या चुंबकीय नोंदींवरून टार्डुनो व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये असे दाखविले की हे खडक मूळ कायेचा गाभा द्रवरूप राहून चुंबकीय क्षेत्र निर्माण करीत असतानाच पुरेसे निवले होते. तसे असेल तर ते त्या तप्त गाभ्याला चिकटून असणे शक्य नाही. ते प्रावरणात बरेच वर असले पाहिजेत. फळ्यावरील तीन वर्तुळांची आकृती अशा प्रकारे दोन्ही बाजूंनी अपुरी ठरते.

वर्गीकरणाच्या मर्यादा

वर्गीकरणाची विश्वासार्हता नमुन्यावर अवलंबून असते. वाका मुएर्तामधील बेसाल्टचा एखादाच गोटा सुटा सापडला असता तर कोणीही त्यास युक्राइट म्हटले असते. केवळ धातूचा गोळा मिळाला असता तर लोह अशनी म्हटले असते. दोन्ही निर्णय हाती असलेल्या तुकड्यापुरते बरोबर आणि तरीही चूक ठरले असते. विषम विणीच्या अशनींच्या बाबतीत मोठ्या क्षेत्रफळाचा छेद पाहणे म्हणूनच आवश्यक असते.

दुसरे असे की गटही बदलतात. मुलतानजवळ १ ऑक्टोबर १८६८ रोजी पडलेला लोधरान अशनी दीर्घकाळ पाषाण-लोह गटात ठेवला जात असे. आज तो आद्य अकाँड्राइट मानला जातो, म्हणजे अंशतः वितळलेल्या पाषाण अशनींत गणला जातो. दगड तोच राहिला, आपले प्रश्न बदलले.

तिसरा मुद्दा नोंदणीचा आहे. नव्या अशनीस मिटिऑरिटिकल सोसायटीच्या नामकरण समितीची मान्यता आवश्यक असते. त्यासाठी एकूण वजनाच्या २० टक्के अथवा २० ग्रॅम, यांपैकी जे कमी असेल तेवढा नमुना मान्यताप्राप्त संस्थेत कायमस्वरूपी ठेवावा लागतो. हेतू हा की, पुढील पिढीतील अभ्यासकास आजचा निर्णय तपासून पाहता यावा. भारतातील अशनींचा राष्ट्रीय संग्रह कोलकाता येथे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे आहे. संशयित दगड आढळल्यास तो फोडून वाटून घेण्याऐवजी सापडल्याचे ठिकाण, दिनांक आणि वजन नोंदवून तज्ज्ञांकडे सुपूर्द करणे हे आपल्या महाविद्यालयांना सहज शक्य आहे. चांदीच्या आशेने फोडलेल्या तुकड्यांबरोबर कोणती माहिती नष्ट झाली, हे आता कोणालाही सांगता येणार नाही.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, ‘पाषाण-लोह अशनी’ हे वर्णनात्मक नाव आहे, ते वंशवाचक नाही. दुसरा, पॅलासाइट आणि मेसोसिडेराइट यांत धातू व खडक यांचे मिश्रण एवढेच साम्य आहे. त्यांची खनिजे, मूळ काया आणि जडणघडण भिन्न आहेत. तिसरा, चुंबक व तराजूपासून समस्थानिकांपर्यंतच्या प्रत्येक कसोटीचे उत्तर वेगळ्या प्रश्नाचे असते; एका कसोटीचे उत्तर दुसऱ्या प्रश्नास लावल्यास घोटाळा होतो. आटाकामातील खाणशोधकांनी चकाकीवरून चांदी ठरविली, संग्राहकांनी ठिकाणावरून वेगळी नावे दिली, आणि आम्ही आकृतीवरून मूळ जागा सांगितली. तिन्ही चुका एकाच जातीच्या आहेत.

वर्गीकरण शिकविताना तयार कप्पे पाठ करून घेण्याऐवजी ते कप्पे कोणत्या पुराव्यावर उभे आहेत हे विद्यार्थ्यांसमोर ठेवणे अधिक उचित होय. ही गोष्ट केवळ भूशास्त्रापुरती मर्यादित नाही. वनस्पती, भाषा, समाजगट वा साहित्यप्रकार यांची विभागणी शिकविणाऱ्या सर्वच अध्यापकांना तिचा विचार करावा लागेल. प्रस्तुत लेखक आता फळ्यावर तीन वर्तुळे काढतो, त्यापुढे नारळाचे उदाहरण देतो आणि बेसाल्टचा प्रश्न स्वतःहून वर्गासमोर ठेवतो. त्या तासाला वेळ अधिक लागतो. परंतु विद्यार्थी प्रश्न विचारू लागतात.